सुरीच्या मुठीसाठी जाड हायलम किंवा जी-१०: नागपुरात कुठे मिळेल? पातळ शीट चिकटवून जाडी करता येईल का?

मूठ_माप

नमस्कार मंडळी. स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांना आणि एका जाड पात्याच्या सुरीला मुठी बसवायच्या आहेत. लाकूड नको आहे, कारण सुऱ्या रोज धुतल्या जाणार आणि मे महिन्यात लाकूड आक्रसून पिनांजवळ तडकतं. सिंथेटिकच हवं, म्हणजे हायलम किंवा जी-१० (कागद, कापड किंवा काचेचं विणकाम रेझिनमध्ये दाबून केलेली कडक शीट).

तीन सुऱ्या फुल टँग आहेत (टँग म्हणजे पात्याचा मुठीतला भाग, यांचा तो मुठीच्या पूर्ण आकाराचा आहे), टँग २.५ मिमी जाड. दोन्ही बाजूंना प्रत्येकी १० मिमीच्या फळ्या हव्यात, माप १३० × ४० मिमी. चौथ्या सुरीचा टँग मुठीच्या आत जाणारा आहे, ३ मिमी जाड आणि १२ मिमी रुंद. तिच्यासाठी साधारण २७-२८ मिमी जाडीचा ठोकळा लागेल.

सीताबर्डीत आणि महालात विचारलं तर ३ मिमी शीट दाखवतात, कुठे ६ मिमी. दुकानदार म्हणतो, एकावर एक चिकटवा. प्रश्न असे: १० मिमीची शीट शहरात सरळ मिळते का आणि कोणत्या नावाने मागायची? चिकटवायचंच झालं तर ग्राइंडिंग करताना थर सुटणार नाहीत यासाठी काय करावं? आणि जीन्सचं कापड रेझिनमध्ये दाबून घरी फळी करतात, ती मजबूत होते का?

वाइंडिंगवाला

भाऊ, दुकानात मायकार्टा म्हणून मागू नका, कोणाला कळणार नाही. ते मूळ वेस्टिंगहाऊस कंपनीचं व्यापारी नाव. आपल्याकडे त्याच जातीच्या मालाला हायलम किंवा बेकेलाइट शीट म्हणतात. आणि हार्डवेअरच्या दुकानातही जाऊ नका. हा माल इलेक्ट्रिकल इन्सुलेशनचा आहे. मोटर आणि ट्रान्सफॉर्मर रिवाइंडिंगवाल्यांना जे वार्निश, लेदरॉइड पेपर, फायबरग्लास स्लीव्ह पुरवतात, त्यांच्याकडे विचारा. इतवारी-गांधीबागेच्या बाजूला असे विक्रेते आहेत. हिंगणा आणि बुटीबोरी एमआयडीसीत पॅनल बनवणारे आणि सीएनसी राउटरवर इन्सुलेशनचे पार्ट कापणारे आहेत, त्यांच्याकडचे कटपीस तुमच्या मापाला पुरून उरतात.

मागताना तीन प्रकारांतली कोणती शीट हवी ते नीट सांगा. हायलममध्ये कागदाची की कापडाची, हे आधी. कागदाची शीट कडेने पाहिली तर सपाट तपकिरी दिसते. ती स्वस्त असते, पण काठाला टवके उडतात आणि पिन ठोकली की चिरते. मुठीला कापडाचीच घ्या. तिच्या कापलेल्या कडेवर आडव्या धाग्यांच्या रेषा स्पष्ट दिसतात. तिसरी ग्लास इपॉक्सी, म्हणजेच जी-१० किंवा एफआर-४. फिकट हिरवट-पिवळी, उजेडात धरली तर काचेचं विणकाम चमकतं. मुठीच्या दृष्टीने जी-१० आणि एफआर-४ यांत फरक नाही. एफआर-४ मध्ये आग विझवणारा घटक जास्तीचा असतो, एवढंच.

माल बहुधा किलोवर विकतात, म्हणून वजन आधी काढून जा. कापडी हायलमची घनता १.३५ ते १.४ आणि ग्लास इपॉक्सीची १.८५ च्या आसपास. ३०० × ३०० × १० मिमीचा तुकडा म्हणजे ९०० घन सेंमी. हायलममध्ये सव्वा किलो, ग्लास इपॉक्सीत १ किलो ६५० ग्रॅमच्या पुढे. करवतीची रुंदी ३ मिमी धरली तरी त्यातून १३० × ४० च्या १२ फळ्या आरामात निघतात, म्हणजे सहा सुऱ्या. तुम्हाला तीनच करायच्या आहेत, तर ३०० × १५० चा कटपीस पुरे.

१० आणि १२ मिमी दोन्ही नेहमीच्या जाडीत येतात. कापडी हायलमचे गिअर बनतात, त्यामुळे २५, ३०, ५० मिमीपर्यंतची शीटही बाजारात असते. फक्त रिटेल दुकानदार अख्खी शीट घेतल्याशिवाय कापून देत नाही, म्हणून तो ३ मिमीच पुढे करतो. गिअर कापणाऱ्या वर्कशॉपला तुकडा विचारा.

भंगारातला माल मात्र टाळा. जुन्या स्विचगिअरमधल्या करड्या-काळ्या इन्सुलेशन बोर्डांत अॅस्बेस्टॉस असू शकतं, फेनॉलिक लॅमिनेटमध्येही (हायलमच्याच जातीच्या शीटमध्ये) पूर्वी अॅस्बेस्टॉसचे ग्रेड होते. जुन्या ट्रान्सफॉर्मरमधला तुकडा तेल प्यालेला असतो, त्यावर कुठलाही गोंद धरत नाही. आणि ते तेल कोणत्या काळातलं, विषारी आहे का, हे कोण सांगणार. स्वयंपाकघरात नकोच.

लेदरॉइडचा मोह बऱ्याच जणांना होतो, लाल-करड्या रंगाचा पातळ कागद लायनर म्हणून छान दिसतो. पाणी लागलं की तो फुगतो. धुवायच्या सुरीला लायनर हवाच असेल तर ०.५ किंवा १ मिमी ग्लास इपॉक्सी लावा.

हिंगणा_शॉपफ्लोअर

वरच्या उत्तराशी सहमत. १० मिमी सरळ मिळत असेल तर ३ + ३ + ३ चा उद्योग करू नका. प्रत्येक जोड म्हणजे सुटण्याची एक जागा. तरीही चिकटवायचंच असेल, तर बहुतेक जण गोंदाला दोष देतात आणि चूक पृष्ठभागात असते.

या शीट चकचकीत प्लेटमध्ये दाबून बनतात आणि वर रिलीज एजंटचा (शीट प्लेटला चिकटू नये म्हणून लावतात त्याचा) अंश राहतो. त्या चकाकीवर अॅराल्डाइट लावलं की हाताला पक्कं वाटतं, पण बेल्टवर धरलं की अख्खा थर पापुद्र्यासारखा सोलून येतो आणि गोंदाच्या बाजूला आरशासारखा सपाट ठसा दिसतो. असा ठसा दिसला की समजायचं, घासलंच नव्हतं.

काचेवर ८० नंबरचा पॉलिश पेपर ताणून बसवा आणि शीट त्यावर घासा, आधी उभी, मग आडवी, चकाकी पूर्ण जाईपर्यंत. हातात कागद धरून घासलं तर कडा गोल होतात आणि जोडाची रेघ काठाला उघडी पडते. घासल्यावर धूळ झटका आणि पांढऱ्या सुती कापडाने अॅसिटोनने पुसा, कापड काळं-तपकिरी होणं थांबेपर्यंत. रंगाच्या दुकानातला एनसी थिनर चालणार नाही, तो स्वतःच काहीतरी मागे सोडतो. मग पाण्याचे थेंब टाकून बघा. पाणी पसरून सलग पापुद्रा झाला तर पृष्ठभाग साफ. थेंब गोळा होऊन बसले तर पुन्हा घासा. ही तपासणी केली तर शीट नीट वाळवूनच पुढे जा, हायलमच्या घासलेल्या बाजूला पाणी मुरतं.

गोंद हळू धरणारा घ्या. पाच मिनिटांत धरणारं इपॉक्सी मुठीला कामाचं नाही, उष्णतेने लवकर मऊ पडतं. साधं अॅराल्डाइट स्टँडर्ड आकारमानाने समान घ्यायचं. वजनकाट्यावर घेत असाल तर रेझिन १०० ला हार्डनर ८०. इथेच घोळ होतो: लोक काट्यावरही निम्मं-निम्मं घेतात आणि जोड चिवट, रबरी राहतो. १३० × ४० च्या एका जोडाला दीड ग्रॅम पुरतं. ३०० × १५० चा अख्खा तुकडा चिकटवला तर एका जोडाला ८ ते १० ग्रॅम. माझं मत विचाराल तर अख्खा तुकडाच चिकटवा आणि फळ्या नंतर कापा, काठाचा खराब भाग आपोआप निघून जातो.

दोन्ही बाजूंना गोंद लावा. शिकंजे आवळताना ताकद दाखवू नका. इपॉक्सीला दाब नको असतो, फक्त सगळीकडे टेकलेलं हवं. सी क्लॅम्प पिळून आवळला की गोंद सगळा बाहेर येतो आणि आत कोरडा जोड राहतो. ०.१ ते ०.२ मिमी थर आत राहिला पाहिजे. काठाने सलग बारीक मणी बाहेर आले की थांबा. थर घसरू नयेत म्हणून, मुठीच्या बाहेर जाणाऱ्या भागात, दोन कोपऱ्यांत आधीच ३ मिमीची भोकं पाडून मेण लावलेले खिळे घाला.

२४ तास हात लावू नका. मग ७० अंशाला तासभर गरम करून हळूहळू गार होऊ द्या. खोलीच्या तापमानाला धरलेला हा गोंद ६० अंशाच्या आसपास बराच ढिला पडतो, आणि बोथट बेल्टवर मूठ धरली की तेवढी उष्णता सहज होते. म्हणून बेल्ट नवा, ६० नंबर, वेग कमी. हातमोजे न घालता मूठ धरा. बोटांना चटका बसायला लागला की थांबा.

जी-१० कापताना-घासताना मास्क लावाच, एन-९५ किंवा त्याच्या वरचा. काचेची धूळ कातडीला खाजते, घशाला लागते. पाणी मारून घासता येत असेल तर सगळ्यात बरं. जी-१० साठी कार्बाइडचा ड्रिल बिट घ्या, एचएसएस (साधा हायस्पीड स्टीलचा बिट) दोन-चार भोकांत बोथट होतो. हायलमला एचएसएस चालतो. भोकाखाली लाकडाची फळी ठेवा, नाहीतर बिट बाहेर येताना शेवटचा थर फाटतो.

आणखी एक. नायलॉन, डेलरिन, एचडीपीई हे प्लास्टिक थरांत मिसळू नका. पांढरं-काळं मिळतं, दिसायला चांगलं असतं, पण इपॉक्सी त्यावर धरतच नाही. किचन ओट्याचं १२ मिमी कोरिअन (अॅक्रिलिकची कृत्रिम दगडासारखी शीट) चिकटतं, पण पडलं की कोपरा उडतो.

मूठ_माप

दोघांचेही आभार. फळ्यांचा प्रश्न मिटला, कापडी हायलम १० मिमी शोधतो. तरी जीन्सच्या कापडाबद्दल कोणी सांगेल का? निळी मूठ हवी आहे आणि हायलम तपकिरीच मिळतं. शिवाय आत्ता पारा ४३ वर आहे, रेझिन काम करेल का?

रेझिन_ताई

मजबूत होते. फक्त कारखान्यातली शीट उष्णता आणि प्रचंड दाबाखाली बनते, घरची तेवढी घट्ट होणार नाही. मुठीला पुरते.

३०० × १५० × १० मिमीच्या फळीचा हिशेब देते. काठाचा १० मिमी भाग नेहमी खराब निघतो, म्हणून कापड ३२० × १७० चं कापायचं. १२ औंस डेनिम असेल तर १८ थर. सुती पॉपलिन पातळ असतं, त्याचे ४५-५० थर लागतील, पण रेषा बारीक आणि सुंदर येतात. पॉलिस्टर किंवा स्ट्रेच मिसळलेली जीन्स नको, रेझिन त्यात नीट मुरत नाही.

कापड नवं असेल तर खळ असते. धुण्याचा सोडा घालून गरम पाण्यात धुवा, कंफर्टसारखं काही घालू नका. मग वाळवा, आणि वाळलं असं दिसलं तरी ओव्हनमध्ये १०० अंशाला तासभर ठेवा. सुती कापड हवेतला ओलावा धरून ठेवतं. पावसाळ्यात हे केलं नाही तर फळीत दुधाळ डाग पडतात आणि थर तिथेच सुटतात.

रेझिन अॅराल्डाइट एलवाय ५५६ आणि हार्डनर एचवाय ९५१, नाहीतर लॅपॉक्स एल-१२ आणि के-६. दोन्हींचं प्रमाण वजनाने १०० ला १०. इथे ८० टक्के नाही, १० टक्के! वर सांगितलेलं अॅराल्डाइट स्टँडर्ड गोंद आहे, कापडात मुरण्याइतकं पातळ नाही. एक ग्रॅम अचूक दाखवणारा काटा लागेल. हार्डनर 'थोडं जास्त' घातल्याने लवकर धरत नाही, फळी ठिसूळ होते.

किती घ्यायचं? कोरड्या कापडाचं वजन करा, तेवढंच मिश्रण. वरच्या मापाचे १८ तुकडे साधारण ३९० ग्रॅम भरतात, म्हणजे मिश्रण ४०० ग्रॅम. पण एका भांड्यात ४०० करू नका. १८० + १८ असे दोन वेळा करा. हे रेझिन धरताना स्वतः गरम होतं आणि भांड्यात जितकं जास्त, तितकं लवकर भडकतं. धूर निघून प्लास्टिकचं भांडं वितळलेलं दिसेल.

तुमच्या ४३ अंशांचा प्रश्न इथे येतो. २५ अंशाला १०० ग्रॅम मिश्रण अर्धा-पाऊण तास कामाला मिळतं. दर १० अंशाला वेळ अंदाजे निम्मा होतो. दुपारी केलं तर कापड भिजण्याआधीच घट्ट होईल. पहाटे पाचला करा, रेझिन-हार्डनर रात्री माठाजवळ गार जागी ठेवा. फ्रिजमध्ये नको, बाहेर काढल्यावर पाणी धरतं. आणि काम करताना कूलर बंद! कूलरची दमट हवा या हार्डनरला बाधते, वर पांढरट मेणचट थर येतो. तो आलाच तर कोमट पाण्याने आणि स्क्रबने धुवायचा, अॅसिटोनने जात नाही. हिवाळ्यात उलटा त्रास: रेझिन काकवीसारखं घट्ट होतं. बाटली गरम पाण्यात ठेवून ४० अंशापर्यंत आणा, हार्डनर मात्र तसंच.

खाली-वर १२ मिमीच्या एमएस (साध्या लोखंडी) प्लेट घ्या. लोहाओळीत कटपीस मिळतात. दोन्हींवर मेण पॉलिश आणि त्यावर पॉलिस्टर फिल्म, ओएचपी शीटही चालते. चार कोपऱ्यांत १० मिमीचे ठोकळे ठेवा, म्हणजे जाडी त्याच्या खाली जाणार नाही. प्रत्येक थर दोन्ही बाजूंनी रेझिनने भिजवा, कापडाचा रंग सारखा गडद झाला की मुरलं. फिका ठिपका राहिला तर तो आत पांढरा डाग म्हणून दिसणार. थर ठेवला की मधून काठाकडे स्पॅटुला फिरवून हवा बाहेर काढा. मग सहा सी क्लॅम्प, आधी मधले, नंतर टोकाचे, एकाच वेळी पूर्ण न आवळता. दहा मिनिटांनी पुन्हा एक-एक फेरा. ठोकळ्यांशिवाय दाबलं तर कापड कोरडं पडतं, कमी दाबलं तर बुडबुडे राहतात.

२४ तास तशीच राहू द्या. मग क्लॅम्प न काढता ८० अंशाला तीन तास, तापमान हळूहळू वाढवत. ज्या ओव्हनमध्ये हे केलं त्यात पुन्हा अन्न शिजवायचं नाही. ओव्हन नसेल तर मे महिन्यात टिनाच्या शेडखाली प्लेटमध्येच आवळून दोन दिवस ठेवा. ८० अंश होणार नाहीत, पण काहीच न करण्यापेक्षा खूप बरं. क्लॅम्प काढून तापवली तर फळी वाकते.

निळा रंग अपेक्षेपेक्षा गडद येईल, जवळजवळ काळा-निळा. फिकट जीन्स घ्या किंवा मध्ये पांढऱ्या मांजरपाटाचे थर घाला.

नायट्राइलचे हातमोजे घालाच. या हार्डनरची एकदा अॅलर्जी झाली की पुढे वासानेही पुरळ येतं.

लोहाओळी_७

एवढं महागाचं रेझिन कायले घेता भाऊ? फायबरच्या कूलर बॉडी बनवतात त्यांच्याकडे जीपी रेझिन अर्ध्याहून कमी भावात भेटते. कोबाल्ट आणि हार्डनर टाकलं की काम झालं.

रेझिन_ताई

दादा, मिळतं स्वस्त, पण ते पॉलिस्टर आहे. धरताना आकारमान ५ ते ८ टक्के कमी होतं, त्यामुळे फळी वाकते. स्टीलला आणि जी-१० ला इपॉक्सीइतकं धरत नाही. दारावरची पाटी, ट्रे यांना ठीक.

आणि ज्यांना वापरायचंच आहे त्यांनी हे लक्षात ठेवा: कोबाल्ट (धरण्याचा वेग वाढवणारं द्रव) आणि एमईकेपी कॅटॅलिस्ट (तुम्ही हार्डनर म्हणालात ते) थेट एकमेकांत कधीही मिसळायचे नाहीत. स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मगच कॅटॅलिस्ट, १ ते २ टक्के. दोघांना वेगळे चमचे, वेगळं कपाट. डोळ्यांना चष्मा, एमईकेपीचा थेंब डोळा घालवू शकतो.

लोहाओळी_७

हे माहीत नव्हतं ताई. दुकानदार दोन्ही बाटल्या एकाच पिशवीत देते.

मूठ_माप

राहिला २७ मिमीचा ठोकळा. जीन्सचे पन्नासेक थर एकदम दाबले तर?

रेझिन_ताई

नको. मध्यभागी उष्णता अडकते, रेझिन पिवळं पडतं, आत फेस आणि भेगा. १० मिमीच्या वर एका वेळी जाऊ नका. फळ्या करून नंतर जोडा.

हिंगणा_शॉपफ्लोअर

इथे मात्र थर जोडण्याचा फायदा आहे, आधी टाळा म्हणालो तरी. सलग ठोकळ्यात ३ × १२ मिमीचं चौकोनी भोक ८०-९० मिमी खोल पाडणं त्रासाचं. ड्रिल बिट खाली भरकटतो, मग कानशीने तासत बसा.

त्यापेक्षा १२ + ३ + १२ करा. मधला थर ३ मिमी एफआर-४, टँगच्याच जाडीचा. त्यात चिकटवण्याआधीच टँगच्या आकाराची खाच कापा, रुंदी टँगपेक्षा अर्धा मिमी जास्त. बाहेरचे दोन थर १२ मिमी हायलम. खाच आपोआप सरळ आणि मधोमध येते. गोंदाच्या दोन रेघांमुळे खाचेची जाडी पाव मिमीने वाढते, तेवढी जागा नंतर टँगभोवतीच्या गोंदाला लागतेच.

चिकटवताना खाचेत गोंद शिरेल. म्हणून टँगच्या मापाची एक पट्टी घ्या, तिच्यावर सेलोटेप गुंडाळा, वर मेण लावा आणि ती खाचेत ठेवूनच शिकंजे आवळा. गोंद चिकट-घट्ट झाला, म्हणजे या उन्हाळ्यात दीड-दोन तासांनी, की पट्टी ओढून काढा. पूर्ण वाळेपर्यंत ठेवली तर ठोकूनही निघणार नाही.

पातं बसवताना खाच वर करून धरा आणि तळापासून गोंद भरा. टँगला दोन-तीन ठिकाणी कानशीने खाचा मारून ठेवा. एक ४ मिमीची पितळी पिन टँगमधून आरपार घाला, तीन थरही तिने बांधले जातात. पिनेचं भोक टँगमध्ये कडक करण्याआधी पाडलंय ना? नसेल तर आधी ते सांगा, कडक झालेल्या टँगला साधा बिट लागणार नाही.

मूठ_माप

पातं कडक करून आणलेलं आहे, भोक नाही.

हिंगणा_शॉपफ्लोअर

मग ४ मिमीचा सॉलिड कार्बाइड बिट, ड्रिल प्रेसवरच. हातातल्या मशीनवर तो तुटतो. पातं शिकंज्यात पक्कं, वेग कमी, कटिंग ऑइल, आणि बिट बाहेर निघताना दाब कमी करा. नाहीतर टँगचा मागचा २५ मिमी भाग निळा होईपर्यंत तापवून मऊ करा, पात्याचा भाग ओल्या फडक्यात गुंडाळून. मग कोबाल्ट स्टीलचा बिटही चालेल. हे सगळं मूठ चिकटवण्याआधी.